कापडावर चढलेले बाबा

हाडांच्या डॉक्टरांकडे आजी दुखरा गुडघा चोळत बसल्या होत्या. लहानपणी याच गुडघ्यांवर त्या झाडाला उलट्या लटकायच्या. शेजारी एक मुलगी आणि कमरेला पट्टा बांधलेले तिचे बाबा कुजबुजत होते.

"बाबा, उद्या स्पर्धेला जाऊ ना?"

"मुळीच नाही. छताला टांगलेल्या कापडावर लटकून नाचायचं म्हणजे जिवाशी खेळ! काल सिद्धच करून दाखवलं मी."

"मला न विचारता चढलात, म्हणून उलटे अडकलात."

"आणि तू हसत बसलीस!"

"मी आधी सोडवलं, मग हसले. हसत बसली ती आई."

"सोडवलंस मात्र झटक्यात हं."

"मग जाऊ?"

"जा बये. पण एक सांग, आधी कुठला पाय गुंडाळायचा?"

"जरा मोठ्यानं सांग गं," आजी पुढे सरकून म्हणाल्या.