लिफ्टचं काम राहिलंय

नाय मॅडम, चहा नको, मी तारखेचं बोलून निघतो — पण आधी माफी मागायचीय. सोमवारी आमचे आबा इथं येऊन तुम्हाला बोलले ना, चारचौघांत — घरी येऊन सांगितलं त्यांनी, बिल्डरवाल्यांना चांगलं झापलं म्हणून — ती बोलणी तुमची नव्हती. माझी होती. खाल्ली तुम्ही. मला तवापासून जेवण जाईना.

तुम्ही तर सरळ तारीख दिली होती. वीसला रजिस्ट्री, त्याच दिवशी चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटची किल्ली. मी घरी जाऊन कॅलेंडर पाहिलं — पाहायचं काय कारण, आम्ही बौद्ध माणसं, आमच्यात कोण तिथी पाहतं? — तर वीसला अमावास्या. आबांना सांगितलं, तर ते उलट खूश. म्हणले, लई बरं झालं, चितेगावच्या घराचा पाया मी अमावास्येलाच खोदला होता, मुद्दाम, सगळं गाव बघत असताना. लगेच भन्तेजींना निरोप गेला, चितेगावच्या पाहुण्यांची जीप ठरली. अन् मी — कडुबा आबांचा पोरगा राजकुमार, वाळूजला मशीन चालवतो, मापात केसभर फरक चालत नाय मला — मी गुपचूप तुम्हाला फोन केला, की तारीख आठ दिवस पुढं घ्या. अन् आबांना सांगितलं, लिफ्टचं काम राहिलंय, बिल्डरच मागं सरला. सत्तरीचा माणूस, एकेका पाहुण्याला फोन करून नका येऊ म्हणून सांगत बसला. मी शेजारी बसून नंबर लावून देत होतो.

भीती? व्हय, भीतीच, दुसरं काय. मागच्या साली गाडी घेतली ती अमावास्येला, अन् आठ दिवसांत खड्ड्यात आदळून विशाखा पडली तिच्यावरून — माझी पोरगी, सात वर्षांची — पायात रॉड हाय अजून. तवा आबा म्हणले, तो खड्डा सहा महिन्यांपासून तिथंच होता, खड्ड्याला कुठं तिथी कळते. बरोबरच म्हणले. पटतं मला. पण पोरगी जिना चढताना भिंत धरती ना, तवा नाय पटत. आता हे आबांपुढं कसं बोलायचं? ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या पोरांची लग्नं बिनमुहूर्ताची लावली, माझं पण तसंच लावलं — त्याच्याच घरात हे निघावं? लाज वाटती मॅडम. म्हणून म्हणतो, एवढं करा — आबा परत आले तर लिफ्टचंच सांगा.

काय? कोण, आबा? सोमवारी? लिफ्टनं वर जाऊन आले? दोनदा?… अन् मग तुम्ही खरं सांगून टाकलं. नाय, तुमचं बरोबर हाय, तुम्ही तरी किती ऐकून घ्यायचं. मग? मग काय म्हणले?

कोरा कागद मागितला? कशाला?

हा कसला अर्ज? माझी पण सही लागती, व्हय, नाव दोघांचं हाय ना — थांबा, हे तर आबांचं अक्षर. ‘लिफ्टचे काम अपूर्ण असल्यामुळे रजिस्ट्रीची तारीख आठ दिवस पुढे घ्यावी, ही विनंती.’ पण त्यांना तर माहीत होतं. स्वतः बसून आले होते ना लिफ्टमधून? मग असं कशाला — पोराला कळू देऊ नका म्हणले? अजून काय म्हणले? सांगा ना मॅडम, मी नाय बोलणार त्यांना.

‘पोरीचा पाय मोडला तवा पोरगा घाबरला होता, अन् मी त्याला भाषण दिलं.’

असं म्हणले?

द्या पेन. कुठं करू सही, त्यांच्या सहीखाली ना?… मॅडम, तुम्ही जरा बाहेर जाता का? तुमचंच ऑफिस हाय, माहीत हाय मला. दोन मिनिटं फक्त. अन् जाताना तेवढं दार लोटून घ्या.