शेपटीवाली चांदणी

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मिरजोळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर बांबूच्या कामट्यांची जुडी होती.

"सगुणाकाकी, दिवाळी तर कधीच झाली. आता कामट्या कशाला?"

"नाताळची चांदणी करायला. फिलोमिनाबायच्या खळ्यात आंब्याला टांगलेली बघितलीस ना?"

"ती मोठी पांढरी? मला वाटलं, मुंबईहून आणली."

"मुंबईहून कशाला? आमच्या ह्यांनी केली. दवाने भिजू नये म्हणून वर प्लास्टिकसुद्धा लावलं."

"पण काकी, चांदणीला खाली शेपट्या कशा?"

"अगो, जन्मभर आकाशकंदील केले, हाताला तीच सवय. चांदणी झाली नि लावल्या शेपट्या! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, अहो, सण त्यांचा, नि तुम्ही कंदील कसला करताय? तर हे कात्री घेऊन कापायलाच निघाले."

"मग?"

"फिलोमिनाबाय धावत आल्या. म्हणाल्या, हात लावू नका! आमच्या चित्रातल्या ताऱ्याला शेपटी असतेच. बाळ येशूच्या गोठ्याची वाट त्यानेच दाखवली."

"म्हणजे काकांचं चुकून बरोबर आलं!"

"चुकून म्हणू नकोस त्यांच्यासमोर. मुद्दाम लावल्या म्हणून गावभर सांगत सुटलेत."

"आणि ह्या कामट्या?"

"चर्चच्या अंगणातल्या चांदणीला. फादरांनी स्वतः निरोप धाडलाय."

"काय म्हणाले?"

"शेपट्या चांगल्या लांब ठेवा."