पाळक बसले चटईखाली

(दूर दक्षिण समुद्रातल्या सवाई बेटावरचं समुद्रकाठचं एक गाव. उजाडायला थोडा अवकाश आहे. चहूबाजूंनी उघड्या घरासमोर, ओल्या गवतावर, गावाचे तरुण पाळक एलिसाया डोक्यावरून चटई घेऊन, मान खाली घालून बसले आहेत. घरची बाई मातालेना पायरीवर उभी आहे.)

मातालेना : उठा म्हणतेय ना, पाळकसाहेब. किती वेळा सांगायचं?

पाळक : नाही उठणार. अपराध्यानं बसायचं आणि ज्याचा अपराध झाला त्यानं चटई उचलायची. रीत आहे.

मातालेना : रीत मला शिकवता होय? माझा बाप असा बसला होता. त्याच्या होडीवर दुसऱ्याचा पोरगा बुडाला होता. त्या पोराच्या बापाला वाटलं असतं तर त्यानं कुऱ्हाड घातली असती डोक्यात, आणि कुणी हूं की चूं केलं नसतं. तुम्हाला कुऱ्हाडीची भीती आहे का?

पाळक : नाही.

मातालेना : मग हे बसणं कसलं? तुम्ही खाली बसलात आणि मी पायरीवर उभी. उजाडलं की अख्खं गाव येईल. म्हणेल, बघा, देवमाणूस गवतावर बसलाय आणि ह्या बाईचं काळीज दगडाचं. परत माझंच नाव.

पाळक : तसं माझ्या मनात नव्हतं.

मातालेना : तुमच्या मनात काय होतं ते सांगा. काय केलंत तुम्ही? मोठ्यानं सांगा, चटईतून ऐकू येत नाही.

पाळक : मी तुमचं नाव घेतलं. रविवारी, संध्याकाळच्या उपासनेत. बाहेरच्या पाहुण्यांसमोर.

मातालेना : भोंग्यावरून.

पाळक : हो. भोंग्यावरून. म्हणालो, आज पाळकांना जेवू घालायची मातालेनाच्या घरची पाळी होती, आणि तिची चूल देवासाठी थंड राहिली.

मातालेना : देवासाठी. म्हणजे त्या दिवशी देव तुमच्या ओसरीवर पानावर बसला होता, असंच ना?

पाळक : चुकलो. मला ठाऊक नव्हतं तुमच्या आई सकाळीच पडल्या होत्या. काल दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं तेव्हा कळलं. रात्रभर डोळा लागला नाही.

मातालेना : दवाखान्यातल्या बाईनं. चर्चच्या पायरीवरून थुंकलं तर माझ्या अंगणात पडेल, आणि तुम्हाला बातमी दवाखान्यातून कळते. नाताळाला आलात तुम्ही गावात. आता पावसाळा सरला. कितीदा आलात ह्या घरी?

पाळक : ...एकदाही नाही.

मातालेना : आणि पहिल्यांदा आलात ते गवतावर बसायला.

लाफाएले : (मातालेनाचा थोरला भाऊ, धावत येत) अरे देवा. पाळकसाहेब, हे काय मांडलंय? उठा आधी. मातालेना, बघत काय उभी राहिलीस? उचल ती चटई.

मातालेना : ये दादा. आई पडली त्या दिवशी ट्रक पाठवलास, स्वतः तिच्याजवळ नाही आलास. आज पाळक बसले म्हटल्यावर अंगात सदराही न घालता धावत आलास.

लाफाएले : जीभ आवर. मी मंडळीचा डीकन, चर्चचा कारभारी, म्हणून बोलतोय. पाळकसाहेब, तुम्ही म्हणजे गावानं देवाशी केलेला करार आहात. तुमची मान खाली गेली की सगळ्या मुखियांची मान खाली जाते. माफी मागायचीच असेल तर आम्ही चौघं डीकन बसू तुमच्या वतीनं. ते शोभतं.

पाळक : चुकलो मी, आणि बसणार तुम्ही?

लाफाएले : तीच तर रीत आहे.

मातालेना : सगळं तुम्हीच करता की त्यांच्या वतीनं. रांधता, वाढता, अंगण झाडता. आता त्यांच्या वाटची लाजही तुम्हीच वाटून घ्या.

लाफाएले : तू गप. एवढं काय आभाळ कोसळलं? एक वाक्य बोलले. रागाच्या भरात माणूस बोलतो. पाहुणे आले होते बेटावरच्या चर्चच्या वरिष्ठांकडून, ताट वेळेवर आलं नाही—

मातालेना : आलं.

लाफाएले : काय?

मातालेना : ताट वेळेवर आलं म्हणते मी. आलं की नाही, पाळकसाहेब?

पाळक : आलं तर. डीकनसाहेबांनी आणलं. अख्खं भाजलेलं डुक्कर, अळूचे कंद, नारळाच्या दुधातली पानं. मी उपासनेत त्यांचे आभार मानले. म्हणालो, बहिणीची चूल थंड राहिली म्हणून भावानं दुप्पट आणलं.

मातालेना : दादा, तू सांगतोस का मी सांगू?

लाफाएले : इथं नको, मातालेना.

मातालेना : मग कुठं? भोंग्यावर?

लाफाएले : पाळकसाहेब, घरातल्या गोष्टी आहेत. तुम्ही उठा, आपण—

मातालेना : रविवारी अंधार असतानाच मी ह्याला निरोप धाडला. आई पडलीय, माझे हात रिकामे नाहीत, पाळकांना सांग आणि माझ्या नावानं ताट पोचव. माझं डुक्कर परसात बांधलेलं होतं. हा ते घेऊन गेला. ताटही पोचवलं. माझ्या नावाचा मात्र त्याला विसर पडला.

पाळक : डीकनसाहेब?

लाफाएले : विसर नाही पडला.

मातालेना : वा. मग आणखीच छान.

लाफाएले : ऐकून तर घेशील? पाळकसाहेब, ओसरीवर तुमच्या घरच्यांनी विचारलं, कुणाकडून? पाहुणे समोर बसलेले. त्यांच्यातले एक म्हणाले, डीकन असावा तर असा. मी काही बोललो नाही, नुसता उभा राहिलो. म्हटलं, संध्याकाळी एकट्यानं गाठून सांगू. आणि संध्याकाळी तुम्ही भोंग्यावरून माझं कौतुक सुरू केलंत. तेव्हा कसा उठू मी भर मंडळीत? तुम्ही उठला असता?

मातालेना : मी आईचे कपडे बदलत होते तेव्हा. दोघींनी ऐकलं. तिला माणूस शेजारी बसून बोलला तर ऐकू येतं, डोळ्यांनी काही दिसत नाही, पण तो भोंगा समुद्रातल्या माशांनाही ऐकू जातो. तिनं ऐकलं आपल्या घराचं नाव. सहा पाळकांना रांधून घातलं तिनं. ताप असताना उठायची. माझा बाप गेला त्या आठवड्यातही तिची रांधायची पाळी चुकली नाही. रविवारपासून तिनं अन्नाला तोंड लावलेलं नाही.

पाळक : काहीच नाही?

मातालेना : नारळाचं पाणी, घोटभर. म्हणते, माझ्या घरामुळे पाळक उपाशी राहिले, मी कोणत्या तोंडानं जेवू? मी किती सांगितलं, अगं ताट गेलं होतं. म्हणते, तू माझं मन राखायला खोटं बोलतेस, पाळक खोटं बोलतील का? दवाखान्यातली बाई म्हणाली, असंच चाललं तर पुढचा रविवार बघणार नाही. दादा, आई तुझीही आहे. डुक्कर खांद्यावर घेऊन माझ्या परसातून गेलास तेव्हा ती आत कण्हत होती.

लाफाएले : मला माहीत नव्हतं ती जेवत नाही.

मातालेना : विचारायला आला असतास तर कळलं असतं.

लाफाएले : मला लाज वाटत होती इकडे यायची. पुरे झालं? आता तू काय सांगशील ते करतो. मीही बसतो इथं, दे एक चटई.

मातालेना : बस कर. दोघं ओळीनं बसा आणि मी दोघांना उचलत बसते. दादा, मला तुझं बसणं नको. रविवारी उभा राहा, तुझ्या त्या पुढच्या बाकावर, आणि डुक्कर कुणाचं होतं ते सांग.

लाफाएले : डीकनपद जाईल माझं.

मातालेना : जाऊ दे.

लाफाएले : तुला बोलायला काय जातं? वीस वर्षं—

मातालेना : वीस वर्षं काय केलंस? सेवा केलीस ना? ती करायला बाक लागत नाही. जा आता, घरी जा. तुझ्याशी बोलताना माझा हात शिवशिवतोय, आणि तू मोठा आहेस.

लाफाएले : जातो. पाळकसाहेब, मी... जातो.

पाळक : मातालेनाबाई, डीकननं माझ्यापासून लपवलं हे खरं, पण—

मातालेना : त्याच्या गळ्यात घालू नका हां. त्यानं खोटं सांगितलं नाही तुम्हाला. तुम्ही विचारलंच नाहीत. कुणाच्या घरचं ताट आलं नाही तर आधी मनात काय यायला हवं? की त्या घरी काहीतरी झालंय. माझ्या कोंबडीनं दाणा टिपला नाही तरी मी जाऊन बघते तिला काय झालं.

पाळक : खरं आहे. मला आधी अपमान आठवला.

मातालेना : आणि आता पस्तावा झाला, तर तोही अंगणात मांडून बसलात. कशाखाली बसलायत ते तरी माहीत आहे का?

पाळक : चटई... मंडळीनं दिली होती, आम्ही आलो तेव्हा.

मातालेना : मंडळीनं. आत पडलीय ना, तिनं विणली. डोळे होते तेव्हा विणायला घेतली आणि डोळे गेल्यावर बोटांनी संपवली. तुमची नम्रतासुद्धा तिच्याच कष्टाची, पाळकसाहेब.

पाळक : मी काय करू ते सांगा. खरंच विचारतोय. तुम्ही म्हणाल ते.

मातालेना : मान वर करा. ही मी चटई काढून घेते. माफ केलं म्हणून नाही. आईला गारठा लागतोय म्हणून. कळलं?

पाळक : कळलं.

मातालेना : आत मडक्यात पेज आहे, कोको घातलेली. ती तिला भरवायची. भरवण्याआधी तिला पुसून काढायचं. अंथरूण ओलं असेल, बदलायचं. मला भट्टी पेटवायचीय आणि पाणी आणायचंय, मला वेळ नाही. आणि पाळक आहे म्हणून सांगायचं नाही. पाळकानं आपलं अंग पुसलं हे कळलं तर लाजेनं आताच जीव सोडेल. आवाज खाली ठेवा. तिला तुमचा आवाज भोंग्यातलाच माहीत आहे.

पाळक : मी कोण म्हणून सांगू?

मातालेना : ते तुमचं तुम्ही बघा. इतकी वर्षं शिकलात ना.

आई : (घरात, अंथरुणावरून) कोण आहे? मातालेना, कुणाला पाठवलंस? हे हात तुझे नाहीत.

पाळक : मदतीला आलोय, आजी. जरा कुशीवर व्हा. हळू.

आई : अरे, असा ओढतोस काय? कधी माणूस उचललंय का? कंबरेखाली हात घाल. हं. कुणाचा तू?

पाळक : पलीकडच्या गावचा. आता इथं चर्चजवळ राहतो.

आई : चर्चजवळ? पाळकांच्या घरी असतोस?

पाळक : हो. तिथंच.

आई : चाकरीला?

पाळक : ...हो आजी. चाकरीलाच.

आई : हात मऊ आहेत रे तुझे. तिथं काम करत नसशील फारसं.

पाळक : नाही. फारसं नाही. घ्या, पेज घ्या थोडी.

आई : नको मला. तू तिथला आहेस तर खरं सांग. रविवारी पाळकांनी काय खाल्लं? नुसत्या पाण्यावर झोपले का रे?

पाळक : नाही आजी. भरपूर खाल्लं. चार घरचं आलं होतं. तुमचं डुक्करही आलं होतं, नाव मात्र दुसऱ्याचं सांगितलं गेलं. पाळक पोटाला तड लागेपर्यंत जेवले. उरलेलं सकाळी डुकरांना घातलं.

आई : डुकरांना?

पाळक : हो. नीरफणससुद्धा.

आई : आणि एवढं खाऊन माणूस भोंग्यावर जाऊन बोलला? माझ्या पोरीचं नाव घेऊन?

पाळक : हो.

आई : मग तो पाळक आहे की कोण? सहा पाळकांना वाढलंय मी. एक आंधळा होता, एक तापट होता, एकाला माझ्या हातची पानं आवडायची नाहीत. पण जेवून वर रांधणारीला नावं ठेवणारा नव्हता त्यात एक. मी आपली इथं उपाशी पडलेय ह्या मेल्यासाठी. तू ऐकतोयस ना?

पाळक : ऐकतोय आजी.

आई : तू का रडतोस? तुला नाही बोलले मी. आण ती पेज. हं. फुंकर कशाला मारतोस, गारच आहे. थोडी थोडी दे.

पाळक : अशी?

आई : चमचा तिरका धर. जमेल. उद्या येशील?

पाळक : येईन. रोज येईन.

आई : सकाळीच ये, मातालेनाला तेव्हा फार कामं असतात. आणि इथं येतोस ते पाळकांना कळू देऊ नकोस हो. ते लगेच भोंग्यावर सांगतील.

पाळक : नाही आजी. नाही सांगणार.