साडेपाच हातांची लग्गी

—नाही नाही, मास्टरसाहेब, तो मोबाइल आधी खिशात घाला! सुगियाभौजीची जमीन कट्ठ्याला दोन लाख, शेजारची अनूप राउतच्या पोराची कट्ठ्याला दोन लाख वीस, मग स्वस्त कुठली — असला हिशेब दरभंग्यात पंख्याखाली बसून करायचा, बांधावर नाही. या, वर या मचाणावर, सावली आहे. मखाना घ्या, भौजीनं तुपात परतून पाठवलाय, गिऱ्हाईक येणार म्हणून सकाळपासून चुलीपुढं बसलीय बिचारी. तीस वर्षं या गावात जमिनी मोजल्या मी — घुटर अमीन म्हटलं की चार गावांतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. मग मलाच विचारा ना! भौजीची घ्या. कट्ठ्यामागं वीस हजार वाचले तुमचे. बारा कट्ठे, चोवीस लाख, डोळे मिटून. मोजायचीसुद्धा गरज नाही, मी स्वतः मोजलेली आहे.

काय म्हणालात? कट्ठा केवढा? हां, हे मात्र मास्तरासारखं विचारलंत! सगळे भाव विचारतात, लग्गी कुणी विचारत नाही, आणि तिथंच माती खातात. ही बघा लग्गी — हा बांबू. एक लग्गी लांब, एक लग्गी रुंद, असे वीस चौकोन झाले की एक कट्ठा. पण बांबू किती हातांचा, ते ज्या त्या गावानं ठरवायचं. ओढ्यापलीकडं साडेसहा हात. खालच्या टोल्यावर, त्या वस्तीत, पाच — तिथला जुना जमीनदार बुटका, त्यात त्याच्याच हातानं मोजलेले पाच. तिथल्या कट्ठ्यात खाट टाकली तर पाय शेजाऱ्याच्या कट्ठ्यात जातात. हसू नका, मी झोपलोय तिथं, सकाळी शेजाऱ्यानं पायांचं भाडं मागितलं! आणि आमची लग्गी पलटूबाबांच्या हातानं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे सहा. पलटूबाबा म्हणजे — उभ्याउभ्या, न वाकता, गुडघा खाजवायचे.

इथं? इथं सहाच. साऱ्या गावात सहा. अनूपच्या पोराची चौदा कट्ठे भरते, भौजीची बारा... का हो, थांबलात का? बोटांवर काय मोजताय? हो, सख्खेच भाऊ, अनूप आणि झपसी. झपसी म्हणजे भौजीचा नवरा. हो, वाटणी निम्मी-निम्मी. बापाच्या नावावर? ...चोवीस. बारा आणि चौदा सव्वीस होतात, मास्टरसाहेब, तेवढं येतं मला. दोन कट्ठे आले कुठून — जमीन काय गाभण राहते की काय, असंच विचारायचंय ना? तोंडावर विचारा की. घाम? नाही, ऊन आहे.

किती वाजले? बाराला दहा? तुम्हाला सकाळीच या म्हटलं होतं मी. सकाळीच म्हटलं होतं.

ऐका. अनूपनं मला एक दुभती म्हैस दिली होती. झालं. एवढंच. आणि मी बांबूचा अर्धा हात कापला — बुडखा किडला होता, म्हणून कापला, असं सांगितलं असतं कुणी विचारलं असतं तर. कुणी विचारलंच नाही. झपसीचा वाटा त्या साडेपाच हातांनी मोजला, बारा कट्ठे मोजून दिले, बाकीची अनूपची. अर्धा हात म्हणजे काय, वाटतं ना? पण तो लांबीतही जातो, रुंदीतही जातो — बाराचे दहा झाले. झपसीला कळलं. कसं कळलं? पहिल्याच नांगरणीला बैल लवकर वळले. म्हणाला, घुटरभाई, माझे बैल तुझ्यापेक्षा खरं बोलतात. पंचांसमोर मी लग्गीवर हा हात ठेवून शपथ घेतली — जेवढी लग्गी कमी असेल तेवढा माझा हात कमी होवो. सगळे हसले झपसीला. भौजीसुद्धा. म्हणाली, अमीन खोटं बोलेल का, तुमचंच डोकं फिरलंय.

मग त्यानं दुसऱ्या कुणाची लग्गी घेतली नाही. स्वतःच्या हातानं मोजायला लागला. रोज, भर दुपारी, बांधावर पोटावर पडून — कोपर टेक, बोटं टेक, पुढं सरक, कोपर टेक. पोरं मागं नाचायची. चैतातलं ऊन, असंच. तिसऱ्या बांधावरच जीव गेला त्याचा, बोटं मातीत रोवलेली. पाच वर्षं झाली... आणि तो बांध बघा. नाही, तिकडं, शिरीषाच्या झाडापुढं. कोपराचा खळगा, मग चार बोटं. खळगा, चार बोटं. सकाळी मी स्वतः झाडूनं पुसलं होतं, तुम्ही येणार म्हणून. मुंगूस? बरं, मुंगूस. मुंगसाला कोपर असतं तर मुंगूस.

आणि हे बघा. दोन्ही कोपरं या फळीवर टेकवतो, शेजारी-शेजारी. डावा इथवर. उजवा... चार बोटं कमी. दर चैतात थोडा-थोडा जातो. शिंपी पहिल्यांदा म्हणाला, तिरके उभे राहू नका. आता न विचारता उजवी बाही आखूड शिवतो. तोंड फिरवू नका, बघा ना! मी गप्पिष्ट माणूस आहे, हजार थापा मारल्या असतील, पण बाही थापा मारत नाही.

आता खरं सांगतो. दोन लाखांचा कट्ठा तुम्हाला दोन लाख चाळीसला पडला असता. भाव मीच पाडून सांगितला, शेजारच्यापेक्षा स्वस्त दिसावा म्हणून. भौजीला बाराचे पैसे मिळाले असते आणि माझं पाप तुमच्या खिशातून फिटलं असतं. फिटलं असतं का? आज सकाळी पुन्हा मोजला हात. फिटत नाही असं.

ती आली बघा बांधावरून, ताकाचा लोटा घेऊन. त्या खुणांवर पाय देत चाललीय — दिसत नाहीत तिला, कधीच दिसल्या नाहीत. अजून मला घुटरभाई म्हणते.

पिशवीत तुमची पोलादी टेप आहे ना? मघापासून दिसतेय. काढा. उतरा खाली, मोजा. दहा भरतील. उरलेले दोन त्या पोराच्या बांधाआड आहेत, ते मी सांगतो, आत्ता, तिच्यासमोर, हवं तर पंचांसमोर. मग घ्यायची तर घ्या, नाहीतर स्टेशनचा रस्ता धरा... नाही, मास्टरसाहेब, माझ्याकडं नका देऊ. टेपचं टोक तुम्हीच धरा. माझा हात पुरत नाही.