लाल पाकीट, पिवळं पाकीट

मंडळी, आरंभीच एक प्रश्न विचारतो. मला त्याचं उत्तर नीटसं येत नाही, म्हणूनच विचारतो. आपण जन्मभर एखादं वैर सांभाळतो ना — ते खरोखर आपल्या मालकीचं असतं का? की आपण नुसते राखणदार, आणि मालक केव्हाच बदललेला?

नाही कळलं? पेटीवाले दिगंबरपंतसुद्धा माझ्याकडे तसंच बघतायत. माझं बोलणं पहिल्या झटक्यात कुणाला कळत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून गोष्ट सांगतो. ऐका.

बार्शीत उंबरजे नावाचं घर होतं. दोन भाऊ, दोन जावा, धंदा मसाल्याचा. थोरली चंपाबाई चुलीपुढे बसून धणे-खोबरं भाजायची. धाकटी सुलोचना — लग्न होऊन आली तेव्हा धड साडीसुद्धा सावरता येत नव्हती तिला — ती जात्यावर दळायची. दळून झालं की परातीत मसाला पसरायचा, तेलाचं बोट लावायचं आणि हलक्या हातानं कालवायचा. हे काम धाकटीचं. थोरली म्हणायची, "सुले, शेवटचा हात तुझा. माझ्या हाताला घाई फार." मग दोघी शिंकायच्या आणि डोळ्यांना एकच पदर लावायच्या. कुणाचा पदर, हे बघतंय कोण?

पुढे भावांचं बिनसलं. कशावरून? मसाल्यात दगडफूल किती घालायचं, यावरून! हसू नका मंडळी. आधी तुमच्या घरी कशावरून बिनसलं ते आठवा, मग हसा.

घर फुटलं. थोरल्यानं लाल पाकीट काढलं, चूल छाप. धाकट्यानं पिवळं काढलं, जातं छाप. बोळाच्या या अंगाला एक घर, त्या अंगाला दुसरं. आणि एक नवीच रीत पडली — भावकीत लग्न निघालं की आमटीची पातेली दोन! एक लाल पंगत, एक पिवळी पंगत. वाढप्यांचा घोटाळा नको म्हणून बादल्यांच्या कड्यांना रंगीत चिंध्या बांधायच्या. एका लग्नात नवरदेवच म्हणाला म्हणे, "अहो, मी कुठल्या पंगतीला बसू तेवढं सांगा, भूक लागलीय."

सुलोचना दुपारी खिडकीशी उभी राहायची. पलीकडून धणे भाजल्याचा वास यायचा. अक्का धणे जरा जास्तच काळपट करते, हे तिला वासावरून कळायचं. तेवढीच भेट. मग गावाबाहेर कारखाने झाले, यंत्रं आली आणि तो वासही थांबला.

तिचे यजमान जाताना म्हणाले, "चूल छाप मसाला आपल्या घरात शिजेल, त्या दिवशी जा त्यांच्या दारी. तोवर पायरी चढायची नाही." ती "हो" म्हणाली. मरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, आणायचं एक लाल पाकीट आणि टाकायचं आमटीत! तिला सुचलं नव्हतं होय? एकदा वर्धमानशेठच्या दुकानात तिनं ते हातात घेतलं. नाकाशी नेलं. प्लॅस्टिकला कसला वास? परत ठेवून दिलं. अशी पळवाट काढून दिलेला शब्द मोडायला हात उठेना.

पण एक गंमत होती. अलीकडे तिच्याच घरच्या आमटीला तोच वास यायचा, काळपट धण्यांचा. सुनेला विचारलं, तर सून म्हणाली, "अहो आई, तेच तर पिवळं पाकीट. तुमच्या मनात दुसरं काहीतरी येतंय." सुलोचनालाही वाटलं, मनातच येतंय. इतकी आठवण काढली की वाससुद्धा यायला लागतो.

एके दिवशी दुपारी ती दुकानात गेली, तर दारात टेम्पो उभा. दस्तगीर नावाचा माणूस खोकी उतरवत होता. लाल खोकं, पिवळं खोकं, पुन्हा लाल!

"अरे बाबा, चुकीचा माल भरलास का? हे दोन्ही एका गाडीत कसे?"

"आजी, रोजच एका गाडीत असतात. एकाच फाटकातून भरतो."

"दस्तगीर, तू खोकी उतरव," वर्धमानशेठ घाईनं म्हणाले.

"थांबा हो शेठ. एका फाटकातून म्हणजे?"

शेठनी टोपी काढली, पुन्हा घातली. "काकी, आता कसं सांगू? तुमच्या मुलानं धंदा विकला ना, तसाच त्यांच्याही मुलानं विकला. वेगवेगळ्या कंपन्यांना. मग त्या दोन्ही कंपन्या तिसरीनं घेतल्या. कुठली म्हणाल, तर तुम्ही भांडी घासता ना, ती पावडरही तिचीच."

"मग आत मसाला कुणाचा?"

"कढई एकच की," दस्तगीर म्हणाला. "भाजणी लाल पाकिटाची. ती जास्त खपते, म्हणून पिवळ्यातही तीच भरतात."

सुलोचना साखरेच्या पोत्यावर बसली. शेठ घाबरले. "काकी, पाणी आणू?"

"म्हणजे चूल माझ्या घरात शिजतेय?"

"कधीपासूनच, काकी."

ती उठली. घरी गेली, सकाळच्या आमटीची वाटी पदराखाली घेतली आणि बोळ ओलांडला. सून मागून विचारतेय, "आई, कुठं?" कडी वाजवायला हात लावला, तर दार उघडलंच.

आत चंपाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दृष्टी अधू झालेली. "कोण?"

"मी. सुली."

चंपाबाईंनी आवाजाकडे मान वळवली. म्हणाल्या, "दाराला कडी नव्हती ना? दुपारची मी लावतच नाही. तुझी दळायला बसायची वेळ ती."

सुलोचनानं वाटी पुढे केली. "अक्का, चाखून बघा. अगदी तुमच्या हातची लागते."

चंपाबाईंनी घोट घेतला. "भाजणी माझीच आहे." आणि वाटी खाली ठेवली. "पण शेवटचा हात नाही गं. मी लाल पाकिटातही तोच शोधत होते."

मंडळी, इथं मी म्हणावं, पाकिटं निराळी, मालक एकच. तशी तयारीही करून आलो होतो. पण ती कंपनी आहे, देव नव्हे. तिला देवाच्या जागी बसवायला माझी जीभ धजत नाही. एवढंच म्हणतो — नाव विकलं गेलं, चूल विकली गेली, जातं विकलं गेलं. ज्या पाकिटांपायी दोन पंगती बसल्या, त्यांचं गोत्र केव्हाच एक झालं. राखणदार तेवढे आपापल्या खिडकीत उभे राहिले.

प्रसाद घेऊन घरी जाल. वाटेत एक दार लागेल, तिथं तुम्ही मान फिरवता. आतून कडी लावलेली आहे, अशी तुमची खात्री आहे. असेलही. पण मंडळी, हात लावून कधी बघितलंय?