कूस बदलली नाही

माझे नाव नासिपोंडी, नवऱ्याचे नाव सितुमा खाओया, वय ३४, काम शेती व घरकाम, राहणार बुंगोमाजवळ, उसाच्या वजनकाट्यामागची वस्ती. आज ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मयत मकोखा खाओया हे माझे सासरे. नवरा मालट्रकवर असतो, दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येतो. तक्रार देणारी नणंद नाब्विले किटालेला असते. ती वर्षातून एकदा येते, तेही आम्हाला शहाणपण शिकवायला.

जानेवारीत सासऱ्यांना झटका आला. उजवा हात तेवढा चालायचा. आरोग्य केंद्रातली सिस्टर दोनदा घरी आली. तिने सांगितले की माणूस एकाच अंगावर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबते, तिथे रक्त पोचत नाही आणि मांस मरते. ओल राहिली, चादरीला चुणी पडली तर आणखी लवकर. दर दोन तासांनी कूस बदला, आधी नुसता लाल डाग दिसेल, तेव्हाच जागे व्हा. मला ते तोंडपाठ आहे.

आमच्यात सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. चुलत दीर वेकेसा शेजारीच राहायचा, तो त्यांना पुसायचा, वळवायचा. मे महिन्यात तो ऊसतोडीला लांब गेला. जाताना म्हणाला, माकडहाडावर नाण्याएवढा लाल डाग आलाय वहिनी, दुसरा माणूस बघा. मी दुसरा माणूस बघितला नाही. नवऱ्याला फोनवर सांगितले, बाबा बरे आहेत. मक्याच्या पिठाच्या उगालीचे ताट मी त्यांच्या उजव्या हाताशी तिन्ही वेळा ठेवत होते. उपाशी मारले, हे नणंदेचे म्हणणे धादांत खोटे आहे.

सात वर्षांपूर्वीचे विचारले म्हणून सांगते. दिवस भरलेले असताना मी गोठ्याजवळ पडले. रक्त जात होते. घरी फक्त सासरे. मी त्यांचा हात धरला, मला उचला, असे मी म्हणाले. त्यांनी हात झटकला आणि माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसून राहिले. शेजारीण आली तोवर दुपार झाली. मुलगी मेलेलीच जन्मली. हात धरला म्हणून पंचांनी माझ्या माहेरून शेळी दंड घेतली. पंच म्हणाले, रीत पाळावी तर मकोखाने. ती शेळी कापून सगळ्यांनी खाल्ली. मलाही वाढली.

जूनमध्ये खोलीला वास सुटला. सासरे म्हणाले, "सूनबाई, एकदा मला कुशीवर कर. रीत मी सोडली."

मी म्हणाले, "रीत तुमच्या एकट्याची कुठे आहे, बाबा? पंचांना विचारावं लागेल."

पंच हाकेच्या अंतरावर राहतात. मी गेले नाही. सासरे रोज विचारायचे, पंच काय म्हणाले. मी सांगायची, अजून बसायचेत. एकोणीस दिवस त्यांनी विचारले. नंतर विचारले नाही. चोविसाव्या दिवशी वारले. नणंदेने अंघोळ घालताना पाठ पाहिली आणि इथे आली.

वरील जबाब मला आमच्या बुकुसू भाषेत वाचून दाखवला. हवालदारसाहेबांनी माझी दया येऊन त्यात, 'अशी जखम कशाने होते हे मला माहीत नव्हते', असे एक वाक्य आपल्या मनाने घातले होते. ते मी खोडायला लावले. बाकी सगळे माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. खाली सही करते.