दार वाजवू नका

औषधांच्या खिडकीपुढच्या रांगेत शिंपीणबाईंच्या मागे बहीणभाऊ भांडत होते. वळून न बघताही बाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“दादा, दूधवाल्याला कळलं, इस्त्रीवाल्याला कळलं. मजल्यावरचं कुणीही आमचं दार वाजवत नाही, बाहेरून हाक मारतात. आणि तू, सख्खा मामा!”

“गंमत केली गं. पोराची भीती मोडायला नको का?”

“गंमत? त्याच्या बापाने दार फोडलं तेव्हा तो माझ्या कुशीत होता. आज सकाळी तू तेच दार बडवलंस. वर आवाज कुणाचा काढलास?”

“जाऊ दे ना.”

“कुणाचा काढलास?”

“त्याच्या बापाचा.”

“अजून पलंगाखाली आहे तो. शेजारच्या काकू कामधंदा सोडून जवळ फरशीवर बसल्यात.”

“सगळ्या मजल्याने असं किती दिवस जपायचं त्याला?”

“त्यांनी कुणी विचारलं नाही हे. तूच विचारतोयस.”

“पुढे या,” खिडकीतून आवाज आला. शिंपीणबाई हलल्या नाहीत.

“मग मी येऊच नको का?”

“ये ना. बाहेरून ‘मामा आलाय’ म्हण, आणि थांब.”

“त्याने नाहीच उघडलं तर?”

“तर घरी जा.”